ठणठणीत सदरा

त्या फाउंड्रीत प्रत्येक कामगाराच्या मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधलेला असे. हिरवा दिवा म्हणजे माणूस ठणठणीत. तो लाल झाल्याशिवाय सुट्टी नाही. भट्टीवरचे हिंदुराव दुपारी दोनदा छातीत दुखतंय म्हणून सांगायला आले. दोन्ही वेळा मॅनेजर दफ्तरदारांनी दिवा बघितला आणि त्यांना परत पाठवलं. दिवस मावळायच्या आत हिंदुराव गेले.

शोकसभेत दफ्तरदार म्हणाले, "दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता. माणूस चुकेल, यंत्र चुकत नाही."

हिंदुरावांची बायको आक्काताई उठली. तिनं पिशवीतून नवऱ्याचा सदरा काढला, बाही घट्ट गुंडाळली, तिच्यावर त्यांच्या मनगटावरचा तोच पट्टा आवळला आणि सदरा दफ्तरदारांपुढे ठेवला. थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला. ठोके बहात्तर.



"घरी त्येंच्या आठवणीनं असाच बांधला होता. ठोके दिसले आन् वाटलं, धनी परत आलं," ती म्हणाली. "सायेब, यंत्र चुकत नसंल, तर उद्यापासनं ह्या सदऱ्यालाच भट्टीवर घ्या. छातीत दुखतंय म्हणून ह्यो कधी तुमच्या दारात यायचा न्हाई."