डबकीचा डोस

एक होती बेडकुली. नाव डबकी. एवढीश्शी!

अंगणवाडीत नर्सताई आली. मुलांचे डोळे छान राहावेत म्हणून जीवनसत्त्वाचा डोस आणला. पिवळा पिवळा. डबकी रांगेत पहिली. तोंड उघडलं, आऽऽ!

फडफड फडफड! कावळा आला. चमचा पळवला.

"नुसता ओत ना गं!" डबकी म्हणाली.

"छे गं बाई! मापाचा चमचा तो. कमी नको, जास्त नको. पळ, आण! बारा वाजता मी निघाले."

डबकी निघाली. टुणुक टुणुक.

"कावळेदादा, कावळेदादा, चमचा दे."

"म्हैस पाठीवर बसू देईना. मी नाही देत, जा!"

टुणुक टुणुक.

"म्हशीबाई, म्हशीबाई, कावळ्याला बसू दे.
कावळा चमचा देईना,
चमच्यावाचून डोस मिळेना!"

"शेवगा पाला देईना. मी नाही बसू देत, जा!"

टुणुक टुणुक.

"शेवगेबुवा, शेवगेबुवा, म्हशीला पाला दे.
म्हैस पाठीवर बसू देईना,
कावळा चमचा देईना,
चमच्यावाचून डोस मिळेना!"

"हापसा पाणी देईना. मी नाही देत, जा!"

टुणुक टुणुक.

"हापसेमामा, हापसेमामा, शेवग्याला पाणी दे.
शेवगा पाला देईना,
म्हैस पाठीवर बसू देईना,
कावळा चमचा देईना,
चमच्यावाचून डोस मिळेना!"

"कुणी दांडा दाबेना. मी नाही देत, जा!"

डबकी दांड्यावर चढली. टुणुक! दांडा ढिम्म.

हापशामागे कोण? अंगणवाडीतली रुंजी!

"रुंजीताई, रुंजीताई, दांडा दाब.
हापसा पाणी देईना,
शेवगा पाला देईना,
म्हैस पाठीवर बसू देईना,
कावळा चमचा देईना,
चमच्यावाचून डोस मिळेना!"

"मुळ्ळीच नाही! चमचा आला की मलाही डोस देतील. म्हणून तर लपलेय. शूऽऽ!"

आता गं? डबकीनं मारली उडी. थेट रुंजीच्या पायावर. गाऽर गार!

"आई गंऽऽ!" रुंजी दचकली. उडाली ती दांड्यावर. खटॅक!

पाणी आलं, बदाबदा.
शेवग्यानं पाला दिला, सळसळ.
म्हशीनं पाठ दिली, हम्माऽ.
कावळ्यानं चमचा दिला, टप्!

रुंजीनं चमचा उचलला. खांद्यावर डबकी. पळाली धपाधप. लपायचं विसरलीच!

बारा वाजत आले. नर्सताईनं पिशवी उचलली.

"थांब गंऽऽ!"

नर्सताईनं चमचा धुतला. एकदा धुतला. परत धुतला. मग भरला, अगदी मापात.

डबकी आऽऽ. गट्टम!

"अय्या, गोड!"

"खरंच?" रुंजी आऽऽ. गट्टम!

"आणखी!" दोघी ओरडल्या.

"आणखी? अजिबात नाही! पुढचा सहा महिन्यांनी."

रुंजी गेली घरी. डबकी बसली रांगेत. पहिली!

अजून बसलीय.