धाकूचा घास

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील, त्याबद्दल माफी असावी. पण आमच्या काजरखोलात ही गोष्ट ज्यांना नीट सांगता यायची ती म्हातारी माणसं एकेक करून गेली. कुणीतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून लिहितो.

फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीवर साकव, म्हणजे लाकडाचा पूल, नव्हता तेव्हा, गावात धाकू नावाचा माणूस होता. गावाच्या पाठीशी घाटाचं रान होतं. ते इतकं दाट होतं की भर वैशाखात खालची माती ओली असायची आणि दुपारीही वाट चाचपडत जावं लागायचं, असं म्हणतात. त्या रानातलं झाड तोडायचं तर आधी धाकूने त्याच्याखाली बसायचं, अशी गावाची रीत होती. आठ दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. तेवढ्यात कुणी ढोलीत शिरलं, बाहेर आलं, फांदीवर काडी आणली, तर ते झाड ठेवायचं. कुणीच आलं नाही, तर धाकू खोडाला हात लावून म्हणायचा, "कोण असेल त्याने माफ करावं." मग गाव तोडायचं. नांगर, घराचे वासे, सरणाची लाकडं, सगळं त्याने बसून दिलेल्या झाडांचं. गावाला कमी पडलं नाही आणि रानालाही पडलं नाही. धाकू बसला नाही त्या झाडाला कुऱ्हाड लावायची छाती कुणाची नव्हती.

पावसाचे चार महिने नदी भरली की गाव अडकून पडायचं. वैदू राहायचा पलीकडच्या तीरावर. दरवर्षी कुणी ना कुणी त्या पाण्याकडे बघत मरायचं. म्हणून एका वर्षी साकव घालायचं ठरलं आणि नदीकाठचं एक सरळसोट रानजायफळ हेरलं गेलं. धाकूने दुसऱ्या दिवसापासून बसायचं होतं.

पण त्याची मुलगी शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवस कळा देऊनही ती मोकळी होईना. सुईण म्हणाली, "धनेशाची चरबी पोटाला चोळली तर सुटेल. नाहीतर दोघं जातील."

धनेश म्हणजे चोचीवर पिवळं शिंग असलेला मोठा पक्षी. तो फळं गिळतो आणि बिया डोंगरभर टाकत जातो. रान तोच पेरतो, त्याला मारायचं नाही, हे लोकांना सांगणारा धाकूच होता. तो उंबरठ्यावर बसून राहिला. आतून शेवंती म्हणाली, "बा, रानाला काय विचारत बसलात? मी मरतेय."

धाकू उठला. दोन डोंगर पलीकडे एका उंबरावर त्याला धनेश दिसला. त्याने तीर सोडला. पक्षी पडला तेव्हा त्याचा गळा फळांनी गच्च भरलेला होता. एकटा पक्षी इतकी फळं कुणासाठी नेत असेल, हे धाकूने मनात येऊ दिलं नाही.

शेवंती सुटली. मुलगा झाला.

दुसऱ्या दिवसापासून धाकू रानजायफळाखाली बसला. आठ दिवस त्याने पापणी लवू दिली नाही. मुंगीखेरीज कुणी खोडावर चढलं नाही. नवव्या दिवशी त्याने खोडाला हात लावून माफी मागितली आणि मानाजी गावकराने पहिला घाव घातला.

रानजायफळाचा चीक लालच असतो, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो मुळापर्यंत वाहिला आणि खाली माती भिजली, असं म्हणतात. आणि झाडाच्या आतून बारीक ओरडणं ऐकू आलं.

धाकू वर चढला. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. बोटभर फट तेवढी उघडी होती. धनेशाची मादी अंड्यावर बसताना स्वतःला असं आत लिंपून घेते. तिची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. नर फटीतून भरवेल तेवढंच तिचं खाणं. हे धाकूला लहानपणापासून माहीत होतं.

"काय रे," गावकर खालून म्हणाला, "आठ दिवस झोपा काढल्यास काय?"

"येणारा होता," धाकू म्हणाला. "तो मीच मारला."

मग गावकर म्हणाला, "बरं, झालं ते झालं. आता दुसऱ्या झाडाखाली बस."

"हिला कोण भरवील?"

"एका पाखरासाठी? पाऊस तुझी वाट बघत थांबणार हाय?"

धाकू खाली उतरला. तो उंबरं गोळा करायला गेला. दुसरं कुणी बसायला तयार होईना आणि न बसलेलं झाड तोडायला हात उचलेना. साकव तसाच राहिला.

पहिले तीन दिवस मादीने माणसाच्या हातातलं घेतलं नाही. चौथ्या दिवशी धाकूने फळ ओठांत धरलं आणि तोंड फटीला लावलं. तिने ते घेतलं आणि त्याचा ओठ फाडला. तेव्हापासून तो रोज तसाच भरवायचा. जवळची फळं संपली की दूरच्या डोंगरावरून आणायचा. तो बोलेनासा झाला. त्याचे केस निम्मे काळे, निम्मे पांढरे झाले आणि चालताना पंखांचा आवाज यायचा, असं म्हणतात. पुढे आतून दोन आवाज येऊ लागले.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. रोहिणीतच नदी भरली. आणि शेवंतीच्या मुलाला ताप चढला. ती त्याला पदरात घेऊन काठावर उभी राहिली. पलीकडे वैदू उभा होता. तो हाताने खुणा करत होता, पण काय सांगतोय ते पाण्याच्या आवाजात कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मूल गेलं.

शेवंती तशीच रानजायफळाखाली आली. धाकू वर होता. तिने बोलणं वाढवलं नाही.

"बा, तुमचं एक पोर जगलं."

दुसऱ्या दिवशी ढोलीचं लिंपण फुटलं. मादी आणि पिल्लू बाहेर आली, गावावरून एकदा फिरली आणि घाटाकडे गेली. धाकू कुठे दिसेना. माणसं झाडाखाली जमली. वर ढोली पुन्हा लिंपलेली होती. आतून. बोटभर फट ठेवून.

फोडायचं धाडस कुणी केलं नाही. शेवंती उंबरं घेऊन वर चढली. तिने फटीशी फळ धरलं आणि ते आत घेतलं गेलं. बोटं होती की चोच, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. पण मरेपर्यंत ती रोज चढत होती. आणि ज्या वाटांनी धाकू फळं आणायचा त्या वाटांवर त्याच्या ओंजळीतून सांडलेल्या बियांची झाडं उगवली. घाटातल्या त्या ओळी अजून आहेत.

आजही फाल्गुनात आमच्याकडे प्रत्येक घरातून पहिलं पिकलेलं उंबर झाडाच्या बेचक्यात ठेवतात. त्याला धाकूचा घास म्हणतात. साकव पुढे झाला, आता तर सिमेंटचा पूल आहे. झाड तोडण्याआधी अजूनही त्याच्या नावाने बसतात. फक्त आठ दिवसांचं आता तंबाखू मळेपर्यंत झालं आहे. मी लाकडाच्या ठेकेदाराकडे मशीनच्या करवतीवर असतो. मीही तेवढाच बसतो. बसताना वर बघत नाही.

काल संध्याकाळी एवढं लिहून ठेवलं. आज सकाळी आम्ही नदीकाठच्या जुन्या किंजळीच्या झाडापाशी गेलो. मी रीतीप्रमाणे खाली बसलो आणि वर बघितलं. बऱ्याच उंचावर ढोली होती. मुकादम म्हणाला, "मळून झाली ना तंबाखू? ऊठ की."

मी करवत त्याच्याकडे सरकवली. "आज पहिला दिवस आहे," म्हटलं, आणि बसून राहिलो.