राजाच्या स्मरणशक्तीची चोरी

पिंपळदऱ्याचा राजा भैरवसेन पासष्टीला आला आणि एके सकाळी समोर बसलेल्या न्हाव्याचं नावच विसरला. दुपारी जेवलो की नाही ते आठवेना, म्हणून दोनदा जेवला. संध्याकाळी त्याने जाहीर केलं, की आपली स्मरणशक्ती कोणीतरी चोरली!

उरलीसुरली गळू नये म्हणून राजाच्या दोन्ही कानांशी ढाल घेतलेले शिपाई उभे केले गेले. बाकीच्या फौजेने कोठारं धुंडाळली, विहिरी उपसल्या. स्मरणशक्ती दिसते कशी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

अखेर संशय आला गोदूबाईवर. ती राजवाड्यात विडे पोचवणारी तांबोळीण, वय चौऱ्याहत्तर. कोणाला कात जास्त लागतो, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या बैलाचा कुठला खूर दुखतो, सगळं तिला तोंडपाठ. राजाहून नऊ वर्षांनी मोठी असून हिला एवढं आठवतं, म्हणजे राजाच्या वाटणीचीही हिच्याकडेच असणार, असं प्रधानाने सिद्ध केलं. तीन दिवसांत परत कर, नाहीतर जन्मभर बुरुजातल्या कोठडीत बस, असा हुकूम सुटला.

पहिला दिवस रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ती विडे घेऊन नेहमीसारखी फिरली, कारण घरात एकटी बसून तिला काही सुचतच नसे. आचारी, न्हावी, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, सगळ्यांनी एकच गाऱ्हाणं सांगितलं. महाराज आमची कधी विचारपूस करत नाहीत, जुन्या चुका मात्र रोज उकरून काढतात.

तिसऱ्या दिवशी ती झाकलेली टोपली घेऊन दरबारात उभी राहिली.

"आणलीय, महाराज. पण ज्याची त्यालाच देणार. ओळख पटवा. आपल्या आचाऱ्याला मुलं किती?"

राजाने ते कधी विचारलंच नव्हतं.

"न्हावी कुठल्या गावचा?"

तेही ठाऊक नव्हतं.

"बरं, आपल्या लग्नात कोण रुसलं होतं?"

राजा ताडकन उठला. धाकट्या मेहुण्याने जिलबीवरून घातलेला गोंधळ, चुलत्याने दिलेलं विटकं उपरणं, त्याला पडलेली तीन भोकं, मंगलाष्टकांत प्रधानाचे आजोबा किती वेळा शिंकले, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. दिवे लागायची वेळ आली तरी तो लग्नाच्या पंगतीतच होता.

गोदूबाईने फडकं काढलं. टोपली रिकामी होती.

"चोरी झालीच नाही, महाराज. आपली स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख आहे. तिला रुसव्याफुगव्यांखेरीज दुसरं काम कधी दिलंच नाहीत आपण."

राजाचा चेहरा लालबुंद झाला, त्याने बोट उगारलं, आणि आपण कशावरून चिडलो तेच तो विसरला. मग मात्र तो पोट धरून हसत सुटला.

गोदूबाईला दुभती म्हैस मिळाली. दुसऱ्या दिवसापासून राजा तिच्याबरोबर विडे वाटत घरोघर निघाला, आणि पहिल्याच घरी तिथल्या सासूबाईंच्या गुडघेदुखीची हकिकत ऐकत दुपारपर्यंत बसला.