बकरीने तपासलेला दोर

फार फार वर्षांपूर्वी एक डोंगरी राज्य होतं. दोन कडे, मधे खोल दरी. दरीवर जाड दोर, दोराला पाळणा, आणि त्या पाळण्यातून माणसांची ये-जा. हे दोर राजाच्या कारखान्यात वळले जात.

नवा दोर बांधला की आधी पाळण्यात बकरी बसवायची, अशी तिथली रीत. बकरी पलीकडे पोचली की ढोल वाजत आणि दोर पक्का ठरे.

एकदा त्या कारखान्यावर एक तरुण बाई कारखानीस म्हणून आली. रोजच्या कामावर देखरेख तिची. पहिल्याच दिवशी तिने एका दोराचं टोक उसवलं. आतले अंबाडीचे तंतू ओलसर होते.

"हे काय, बाबा?"

"ओली अंबाडी फुगते, बाई," दोर वळणारा म्हातारा हसला. "दोर झटकन जाड दिसतो. प्रधानजी तेवढंच तर बघतात."

"आणि आतून कुजला तर?"

"बकरी जाते ना पलीकडे!"

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी अंबाडीच्या ढिगात हात घाली, दुपारी दोर वळायच्या चाकापाशी उभी राही, संध्याकाळी टोक उसवून बघे. ओलं निघालं की सगळं पुन्हा उन्हात! दोर कमी निघू लागले. लोक कुरकुरले, "बाई दोर वळायला आल्यात की सोडवायला?"

जत्रा जवळ आली. प्रधान तणतणत आला. "पलीकडची पोरंबाळं जत्रेला यायचीत आणि नवा दोर कुठाय? तू यायच्या आधी वळलेला एक कोठीत पडलाय, तो आजच बांध. नाहीतर उद्यापासून घरी बस!"

"बांधते. पण बकरीऐवजी आपण बसा."

"मी? मग बकरी कशाला पाळलीय?"

कोपऱ्यात पाला चघळणारी बकरी मान वर करून म्हणाली, "मी पोचते, कारण मी हलकी आहे. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नाही."

प्रधानाने दरीत डोकावून पाहिलं आणि तो मागे सरकला.

मग कारखानीस बाईने कोठीतला दोर बांधून पाळण्यात पोरांच्या वजनाइतके धोंडे भरले. पाळणा मध्यावर गेला आणि दोर तुटला. धोंडे आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला.

म्हाताऱ्याची नात पलीकडच्या कड्यावर राहत होती. तो उठला आणि सगळी अंबाडी उन्हात पसरू लागला. त्याच्यामागे सगळे उठले.

जत्रेच्या सकाळी नवा दोर दरीवर ताणला गेला. पाळण्यात पहिली बसली कारखानीस.

"सरका बाई, दोर माझ्याही हातचा आहे," म्हणत म्हातारा शेजारी बसला. दरीवरून पाळणा डौलात निघाला. पलीकडे पोरांनी असा गलका केला की ढोल ऐकूच येईनात! परतताना म्हाताऱ्याच्या मांडीवर नात होती.

पुढच्या खेपेला प्रधान बसला. डोळे मिटून, पण बसला. बकरीला मात्र त्या दिवसापासून कायमची सुट्टी मिळाली.

तात्पर्य : ज्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगायचा, त्यावर आधी स्वतःचा भार टाकून पाहावा.