तोफा ओतणाऱ्याची घंटा

एकदा एका तोफा ओतणाऱ्या माणसाला पुन्हा घंटा ओतावीशी वाटली. गोष्ट युरोपातल्या फार जुन्या काळची आहे. तोफा तेव्हा नव्या होत्या आणि त्या ओतण्याचे काम राजेरजवाडे घंटा ओतणाऱ्यांवरच सोपवत, कारण एवढे ब्राँझ एका दमात वितळवून साच्यात ओतण्याची विद्या दुसऱ्या कोणाकडे नव्हती. एकाच भट्टीतून प्रार्थनेला बोलावणारी घंटाही निघे आणि तटाला खिंडार पाडणारी तोफही. यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे.

हा माणूस एका वृद्ध ओताऱ्याचा सर्वांत हुशार शिष्य. कान इतका तयार की, घंटेवर नखाने टिचकी मारून तो तिच्यातली बारीक चीर ओळखत असे. पुढे एका सरदाराने त्याला तोफा ओतायला नेले. त्याच्या पहिल्या तीन तोफा पहिल्याच बाराला फुटल्या आणि प्रत्येकीजवळ उभा असलेला गोलंदाज जागच्या जागी गेला. शिष्य रडकुंडीला येऊन गुरूंकडे धावला. गुरूंनी फार विचार न करता त्याला मार्ग सांगितला. घंटेसाठी चार भाग तांब्याला एक भाग कथील लागते. त्याने धातू छान निनादतो, पण ठिसूळ होतो. तोफेला निनादायचे नसते, तेव्हा तिच्यात नऊ भाग तांब्याला एक भाग कथील पुरे. त्यानंतर शिष्याची एकही तोफ फुटली नाही. फुटले ते समोरचे तट.

तोफांच्या माऱ्याने एखादे गाव पडले की तिथल्या घंटांवर तोफवाल्यांचा हक्क, अशी तेव्हाची रीत होती. सात वर्षे शिष्याने गावोगावच्या घंटा उतरवल्या, वितळवल्या, त्यांत तांबे वाढवले आणि पुढच्या तोफा ओतल्या. असाच एका लहान गावात तो घंटा उतरवत असताना तिथला म्हातारा घंटावाला शेजारी येऊन उभा राहिला. त्या मुलखात घंटेचेही बारसे होई आणि या घंटेचे नाव उर्सुला होते. म्हाताऱ्याने अडवले नाही, शिव्याशापही दिले नाहीत. त्याने तिला नावाने हाक मारून निरोप दिला आणि तो रिकामा दोर गुंडाळू लागला. शिष्याच्या मनातून ते काही जाईना. शेवटी चाकरी सोडून तो गुरूंच्या दारात आला.

त्या गावाला त्यांची घंटा परत द्यायची आहे, एवढे एक काम माझ्या हातून नीट होऊ द्या, असे त्याने विनवले. गुरूंनी सगळी भट्टी त्याच्या हवाली केली. आपल्या कानांत सदा गुणगुण चालू असते, समोरच्याचे ओठ पाहिल्याशिवाय बोलणे नीट कळत नाही, हे मात्र त्याने सांगितले नाही. सांगण्याची लाज वाटली असावी.

घंटा दिसायला देखणी झाली. ठरल्या दिवशी तो म्हातारा घंटावाला बैलगाडी घेऊन आला. गुरूंनी घंटेवर टोला दिला आणि शिष्याकडे पाहिले. त्याने मान डोलावून छान आहे म्हटले. घंटावाल्याने टोपी काढून हातात धरली आणि तो जमिनीकडे पाहू लागला.

गुरूंनी शिडी लावली आणि कारखान्याच्या दारावरची घंटा उतरवायला घेतली. ती त्यांच्या स्वतःच्या गुरूंनी ओतलेली होती. तिच्या स्वराशी ताडून पाहिल्याशिवाय तिथली एकही घंटा आजवर बाहेर पडली नव्हती. तीच घंटा त्यांनी गाडीवर चढवली आणि शिष्याची नवी घंटा दारावर टांगली. माझे काय चुकले, असे शिष्याने विचारले.

गुरूंनी त्याचे तोंड हलकेच आपल्याकडे वळवले आणि ते सावकाश बोलले. "तुझ्या हाताने कथील तोफेच्या मापाने घातले. सात वर्षांचा सराव आहे, हात तरी काय करणार? आणि कानांनी तुला सावध केले नाही, कारण कान तू तोफांपाशीच ठेवून आलास. पण बाळा, यात दोष तुझा एकट्याचा नाही. तू तीन गोलंदाजांसाठी रडत आलास, तेव्हा मला ते तिघेच दिसले. तटामागच्या माणसांसाठी माझ्या दारात कोणी रडत आले नव्हते, म्हणून ती मला दिसली नाहीत. नवाला एकाचे माप माझेच. ही घंटा आपल्या दोघांची आहे. ती आपल्याच दारात राहू दे."

गाडीपाशी जाऊन शिष्याने घंटावाल्याला एक टोला द्यायला सांगितले आणि आपला तळवा घंटेवर टेकवला. टोला पडताच बैलांनी कान टवकारले, म्हाताऱ्याचा चेहरा बदलला, आणि शिष्याच्या तळव्याखाली धातू बराच वेळ थरथरत राहिला.

"गुरुजी, आवाज कसा आहे?" त्याने विचारले.

"तू पहिल्यांदा इथे आलास," गुरू म्हणाले, "त्या दिवशी होता तसाच."