कणगीमागचा फणसोबा

तुमच्या आजीचा घसा बसलाय, म्हणून आज मला धरलंय. गोष्टी सांगणं हे माझं काम नाही. चार इयत्तासुद्धा धड झाल्या नाहीत माझ्या, आणि झाल्या असत्या तरी तिथं हे शिकवत नाहीत. ती बघा तिकडं सुंठीचा काढा घेऊन बसलीय आणि हातानं खुणा करतेय, सांगा, सांगा. सांगतो. पण मध्येच 'का' विचारायचं नाही. पाय आत घ्या. त्या बारक्याला भिंतीकडं सरकवा, लाथा मारतो तो.

तर एकदा काय झालं, एका राजाच्या गावात एक भिंत होती. राजा गोष्टीत लागतो म्हणून आहे, त्याचं पुढं फारसं काम नाही. भिंतीचं आहे. बाजाराच्या तोंडाशीच होती ती, काजळी आणि शेणकाला फासून काळीकुळकुळीत केलेली. त्या भिंतीवर रोज सकाळी द्वारका नावाची एक बाई खडूनं गोष्ट लिहायची. कुणाची ऐकलेली नाही, बरं का. स्वतःच्या डोक्यातली. आज लिहिली की संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, आणि उद्या नवी.

काय काय लिहायची ती. ढगावर नांगर धरणारा माणूस. माशांची शाळा. सात नाकांचा एक राक्षस होता, त्याला सर्दी झाली की साती नाकं एकदम वाहायची आणि गावात पूर यायचा. माणसं भाजीची पिशवी खाली ठेवून वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, ती शेजारच्याला ढोसून वाचून घ्यायची.

आणि भिंतीच्या पायाशी गेरूचे खडे ठेवलेले असायचे. वाचून झालं की ज्याला वाटेल त्यानं खाली दोन शब्द लिहावेत, अशी पद्धत होती. कुणी लिहायचं, छान. कुणी लिहायचं, कालची बरी होती. एक माळीण रोज न चुकता लिहायची, माझ्याकडं ताजी वांगी आहेत. गोष्ट कसलीही असो, खाली वांगी आहेतच.

द्वारका गोष्ट लिहून झाली की कुंभाराच्या मडक्यांच्या उतरंडीमागं जाऊन उभी राहायची आणि वाचणाऱ्यांची तोंडं बघायची. कुणी हसलं की तिला दोन भाकऱ्या जायच्या. कुणी न वाचता पुढं गेलं की अर्धीसुद्धा जायची नाही. बारा वर्षं असं चाललं होतं. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

पण त्या भिंतीचा एक नेम होता. नेम राजाच्या आजोबांनी घातलेला. दुपारचा नगारा वाजेपर्यंत भिंतीवर गोष्ट पाहिजे. तीन दिवस ओळीनं भिंत कोरी राहिली, तर ती कोतवालाची. कोतवाल केव्हाचा टपलेला. त्याला त्यावर हुकूम लिहायचे होते. इथं थुंकू नये. इथं बसू नये. इथं विनाकारण हसू नये.

मग झालं काय, द्वारका खालचं गेरूचं लिहिणं फार मनावर घ्यायला लागली. एका शिंप्यानं लिहिलं, राक्षस नकोत, आमची पोरं रात्री अंथरूण ओलं करतात. तिनं राक्षस काढले. वैद्यबुवांनी लिहिलं, मासे शाळेत जात नाहीत. तिनं मासे काढले. कुणी म्हणालं उडणारं काही नको, माना दुखतात. तिनं उडणारं काढलं. असं काढता काढता एक दिवस भिंतीवर एवढंच उरलं. एक होता राजा. तो जेवला. तो झोपला.

खाली वैद्यबुवांनी लिहिलं, आता जमलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका खडू घेऊन भिंतीपुढं उभी राहिली, तर डोक्यात काही नाही. एरवी कसं, खडू टेकवला की आत कुणीतरी कुजबुजायला लागायचं आणि हिनं ते उतरवून घ्यायचं. आज आत सामसूम. रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारावी तसं झालं.

मग ती शास्त्रीबुवांकडं पळाली. त्यांनी सांगितलं, एक राजा घे, तीन राजपुत्र घे, त्यातला धाकटा शहाणा कर, झाली गोष्ट. तिनं तसंच्या तसं लिहिलं. शेवटचं अक्षर लिहिलं आणि काय सांगू, सगळी अक्षरं भिंतीवरून घसरायला लागली. घसरली आणि खाली खडूच्या पिठाचा ढीग. नगारा वाजला, भिंत कोरी. कोतवालानं भिंतीच्या कडेला चुन्याची एक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठच्या चेटकिणीकडं गेली. चेटकिणीकडं दुसऱ्यांच्या गोष्टी मडक्यात भरून ठेवलेल्या असायच्या, लोणच्यासारख्या. तिनं एक मडकं दिलं. द्वारकानं ते फोडून त्यातली गोष्ट लिहून काढली. चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. पण अक्षरांना लगेच पाय फुटले. ती भिंतीवरून उतरली, मुंग्यांसारखी ओळ धरून बाजारातून निघाली, आणि ज्या म्हाताऱ्याची ती गोष्ट होती त्याच्या घरी जाऊन त्याच्या पांघरुणात शिरली. पुन्हा नगारा, पुन्हा कोरी भिंत. कोतवालाची दुसरी रेघ. जाताना तो तिला म्हणाला, "बाई, उद्या कुंचला घेऊनच येतो."

तिसऱ्या दिवशी उजाडताच द्वारका उठली. डोळे सुजलेले. जायला कुठं जागाच उरली नव्हती, म्हणून ती ओढ्यापलीकडं तिच्या आत्याकडं गेली. लहानपणी आईबरोबर ती तिथंच राहायची. सहा वर्षांची झाली तेव्हा मामानं तिला शाळेसाठी इकडं गावात आणली. त्यानंतर सणाला गेली असेल तेवढीच, तेही ओटीवरून परत.

आत्या भाकऱ्या थापत होती. द्वारकानं रडत सगळं सांगितलं. आत्याचे हात काही थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी उलटत तिनं विचारलं, "आणि तुझं ते कणगीमागचं? त्याला विचारलंस का?"

द्वारकाला कळेचना. कुणाला?

आत्यानं सांगितलं, अगं, लहान होतीस तेव्हा त्याच्याशिवाय जेवायची नाहीस तू. फणसोबा म्हणायचीस. अंग फणसाचं, कान शेळीचे, शेपटीला घंटा. मला काही तो कधी दिसला नाही, पण तू त्याचं ताट मांडायला लावायचीस. तू गेलीस तरी मी रोज चतकोर भाकरी कणगीमागं ठेवते. सवय लागली हाताला. सकाळी नसते ती. मला वाटतं मांजर खात असेल.

कणगी म्हणजे बांबूची विणलेली, धान्य भरायची, माणसाहून उंच. ती कोपऱ्यात होती तशीच होती. द्वारका तिच्याकडं बघत राहिली.

तिला आठवलं. लपाछपी चालली होती. राज्य हिच्यावर होतं. फणसोबा लपला होता आणि ही भिंतीकडं तोंड करून आकडे म्हणत होती. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. हिनं ओरडून सांगितलं, जेवून येते. जेवली. मग मामा आला आणि बैलगाडीत घालून घेऊन गेला. डाव मोडला असं कुणी म्हणालंच नाही. आणि ज्याच्यावर राज्य असतं त्यानं शोधल्याशिवाय लपलेल्यानं बाहेर यायचं नसतं. हा नियम आहे. तुम्ही आजकालची पोरं मोडता, ते वेगळं.

तीस वर्षं झाली होती, बरं का. तीस.

तिनं कणगीमागं डोकावून बघितलं. कोळिष्टकं, आणि भाकरीचा एक कोर. बाकी काही नाही. तिनं हाक मारली, उत्तर नाही. मग तिच्या लक्षात आलं की असं नुसतं डोकावून चालणार नाही, डाव जिथं सोडला तिथून धरायला हवा. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, डोळ्यांवर हात घेतले आणि शंभरपर्यंत म्हणाली. अगदी बिनचूक, शाळेत शिकवल्यासारखं. वळली. काही नाही.

बाहेर ऊन वर चढत होतं. आत्या चुलीपासून म्हणाली, "अशी कुठं म्हणायचीस तू? तुला तर शंभर येतच नव्हते."

खरं होतं ते. सहा वर्षांच्या द्वारकीला एकोणतीसच्या पुढं येत नव्हतं. ती पुढं वीस-दहा म्हणायची, मग वीस-अकरा, आणि वीस-बारा झालं की कंटाळून एकदम शंभर. द्वारकानं पुन्हा डोळे झाकले. आधी लाज वाटली, एवढी घोडी बाई आपण. पण म्हणाली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, वीस-दहा.

कणगीमागं कुणीतरी खुदकन हसलं.

वीस-अकरा, वीस-बारा, शंभर. ती धावली. कणगीमागं, भाकरीच्या कोराशेजारी, लिंबाएवढा एक काटेरी गोळा बसला होता. दोन कान सुकून पानांसारखे झालेले. शेपटीची घंटा मोहरीएवढी.

"सापडलास," ती म्हणाली.

"जेवून येते म्हणाली होतीस," फणसोबा म्हणाला.

मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. लपल्याजागी वेळ जाईना म्हणून तो स्वतःशीच गोष्टी सांगत बसायचा. ढगावरचा नांगऱ्या, माशांची शाळा, सर्व काही. दर सकाळी तिच्या आत जी कुजबुज व्हायची, ती ह्याचीच, ओढा ओलांडून यायची. तिला आवडतंय असं वाटलं, म्हणून तो सांगत राहिला. पण मग तिनं राक्षस पुसले. मासे पुसले. उडणारं पुसलं. तेव्हा त्याला वाटलं, आता आपल्यालाही पुसलं. म्हणून गप्प झाला. आणि गप्प झाला तसा आटत गेला.

द्वारका जमिनीवर बसली. तिच्या जिभेवर शंभर सबबी आल्या असतील. आईनं हाक मारली, मामानं नेलं, मी लहान होते. त्यातली एकही तिनं सांगितली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

एवढंच. आणि त्या लिंबाएवढ्या जिवानं असा सुस्कारा सोडला की कणगीवरची तीस वर्षांची धूळ उडाली, आत्याची चूल भप्पकन भडकली, आणि फणसोबा फुगत फुगत चांगल्या पोसलेल्या फणसाएवढा झाला. कान उभे राहिले. शेपटीची घंटा वाजली. आत्यानं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, बरा दिसतोय, मला वाटलं होतं काळा असेल.

मग द्वारकानं त्याला कडेवर घेतलं आणि पळत सुटली. काटे टोचत होते, पण टोचू दे म्हणाली. ओढा ओलांडला, बाजारात शिरली, तर कोतवाल भिंतीपुढं उभा. हातात चुन्यात भिजवलेला कुंचला. नगाऱ्यावाल्यानं टिपरू उचललं होतं. तिनं कोतवालाच्या काखेखालून हात घातला आणि पहिली ओळ लिहिली. एकजण लपला होता आणि त्याला शोधायला कुणी आलंच नाही.

नगारा वाजला. पण भिंत कोरी नव्हती, त्यामुळं कोतवालाला थांबणं भाग होतं. ती लिहीत गेली, फणसोबा कानात सांगत गेला. सात नाकांचा राक्षस परत आला. मासे परत शाळेत गेले. अक्षरं घसरली नाहीत आणि कुठं चालतही गेली नाहीत. स्वतःच्या घरी असल्यासारखी भिंतीवर ऐसपैस बसली.

लोक वाचायला लागले आणि एकेकाचा चेहरा पडत गेला. शिंप्यानं कात्री खाली ठेवली. पेटीमागं आपण कुणाला तरी बसवून आलो होतो, असं काहीसं पुटपुटत तो घराकडं निघाला. माळीण वांगी उघड्यावर टाकून गेली. वैद्यबुवा तर पळालेच, धोतर सावरत. शेवटी कोतवाल एकटा उरला. त्यानं गोष्ट दोनदा वाचली. मग द्वारकाला हळूच विचारलं, "बाई, आठ पायांचा घोडा चाळीस वर्षं जिन्याखाली राहील का हो?"

"राहील," ती म्हणाली. "पण आज जा."

त्यानं कुंचला तिच्या हातात दिला आणि गेला. ती मडक्यांमागं नाही गेली. भिंतीलाच टेकून, पाय पसरून बसली, आणि आत्यानं बांधून दिलेली भाकरी दोघांनी खाल्ली. त्या दिवशी खाली गेरूनं कुणी काही लिहिलं नाही, कारण बाजारात कुणी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे आले. आणि सगळ्यांच्या आधी लिहिलेलं होतं, माझ्याकडं ताजी वांगी आहेत.

मग भिंत द्वारकाचीच राहिली. ती लिहीत राहिली, फणसोबा सांगत राहिला, कोतवाल आठ पायांच्या घोड्यावर बसून गस्त घालायला लागला आणि विनाकारण हसायला लागला. सगळे सुखात राहिले. संपली. डोळे मिटा आता. कुणाला कुठं लपवून आला असाल तर सकाळी उठून आधी त्याला शोधा, मग दात घासा.

तुमची आजी मला खुणेनं विचारतेय, तुम्ही एवढं का चिडलात त्या डावावर. चिडणार नाही तर काय. मी सात वर्षांचा होतो. कडब्याच्या गंजीत लपलो होतो. राज्य घेतलेला भाकरी खाऊन येतो म्हणाला, आणि दिवस मावळेपर्यंत मी तिथं बसलो, नाकात कुसळं. आजही पारावर रोज शेजारी बसतो माझ्या. चुकलं म्हणून एक शब्द नाही अजून. तोच तो, केरबा लोहार.