वीतभर कोरडी फळी

गेल्या रविवारपासून मला नीट झोप लागलेली नाही. सांगायला थोडं हास्यास्पद आहे, कारण घडलं काहीच नाही. आम्ही सहलीला गेलो, नावेत बसलो, फिरलो, सुखरूप उतरलो. फक्त बुडू नये म्हणून अंगात घालायची जाकिटं लोकांनी बुडाखाली उशीसारखी घेतली होती, पाणी नावेच्या काठाच्या फार जवळ आलं होतं, आणि माझी सहा वर्षांची शाल्मली माझ्या मांडीवर होती. हे सगळं मी पाहिलं. मी शिकलेली बाई आहे, घराबाहेर पडताना गॅस तीनदा तपासणारी. आणि तिथे मी गप्प बसले.

त्याचं प्रायश्चित्त म्हणा, पण दुसऱ्या दिवशी शाल्मलीला भरवताना मी एक गोष्ट रचून सांगितली. थोरांनीही ऐकावी. खरं तर थोरांनीच ऐकावी. लहानांना यातलं बरंचसं आधीच ठाऊक असतं.

ज्या काळी राजे स्वतः घाटावर येऊन बसत आणि पाखरं माणसांच्या भाषेत बोलत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. पाखरं बोलत असत. माणसं ऐकत असत की नाही, हे मात्र आजच्यासारखंच होतं.

एका राज्यात एक मोठं सरोवर होतं. त्याच्या पलीकडच्या टोकाला उंच कड्यावरून धबधबा कोसळे आणि त्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटे. ते पाहायला देशोदेशीची माणसं येत. त्यांना न्यायला घाटावर सात नावा होत्या.

या नावांचे दोन जुने नियम होते. पहिला बांबूचा. धबधब्याच्या अलीकडे पाण्यात एक उंच बांबू रोवलेला होता. त्याच्या पुढचं पाणी वरून शांत दिसे, पण आतून कड्याकडे ओढून नेई. म्हणून नाव बांबूपर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची.

दुसरा नियम रेघेचा. दरवर्षी नावेला तेल पाजून झालं की तिच्या अंगावर बाहेरून चुन्याची रेघ आखत. रेघेच्या वर वीतभर फळी कोरडी राहिली पाहिजे. पाणी रेघेला टेकलं की नाव भरली. मग खुद्द राजाचा मेहुणा आला तरी त्याने काठावर थांबायचं. आणि ही रेघ नावाड्याने आखायची नसे. ती आखायची त्याच्या बायकोने, आपलं लेकरू नावेत बसवून. लेकरू आत बसलेलं असलं की आईचा हात रेघ वर चढवत नाही, असं जुनी माणसं म्हणत.

वर्षानुवर्षं सगळं नीट चाललं होतं. मग राजाच्या मनात एक चांगला विचार आला. (चांगल्या विचारांची मला हल्ली भीतीच वाटते.) राजा म्हणाला, "पाहुणे खूश होऊन गेले पाहिजेत. नावेतून उतरताना प्रत्येकाने एक झेंडूचं फूल घ्यावं आणि मन रमलं असेल तर ते नावाड्याच्या परडीत टाकावं. ज्याची परडी भरलेली, त्याची नाव दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीला. ज्याची रिकामी, त्याची सातव्या."

पहिली पायरी रस्त्याच्या तोंडाशी होती. सातव्या पायरीला चिखल होता, शेवाळ होतं आणि तिथवर कोणी येत नसे.

महिनाभरात घाटाचा रंग बदलला. एक नावाडी नाव मुद्दाम डोलवू लागला, कारण बायका किंचाळल्या की पुरुष हसत. दुसरा बांबूला वळसा घालून येऊ लागला. तिसऱ्याने नव्या जोडप्यांना नावेच्या टोकावर उभं करायला सुरुवात केली. फुलांचा खच पडू लागला.

धाकलू नावाचा एक नावाडी मात्र बांबूपर्यंत जाई आणि परत येई. पाणी रेघेला टेकलं की हात जोडून म्हणे, "बाकीच्यांनी पुढच्या खेपेला." त्याच्या परडीत तीन फुलं पडत, कधी दोन. होता होता त्याची नाव सातव्या पायरीला गेली.

त्याची बायको राही भाकरी थापता थापता म्हणाली, "बसा आता चिखलात, बेडकांना फिरवत."

"बेडूक तरी 'अजून पुढे घ्या' म्हणत नाहीत," धाकलू म्हणाला.

"भाडंही देत नाहीत. पोर दोन दिवस आंबिलीवर आहे, दिसतंय ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकलूने ओल्या चिंधीने नावेवरची रेघ पुसली आणि एक बोट वर नवी रेघ आखली. एकच बोट. आठवड्याने आणखी एक. नाव बुडाली नाही, उलट फुलं वाढली. वीतभर फळीची चार बोटं उरली, तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर आला होता. राहीने रेघ पाहिली. तिची नव्हती, हे तिला कळलं. पण घरात दूध आलं होतं, म्हणून तीही गप्प बसली.

मग एका सणाच्या दिवशी एक वऱ्हाड घाटावर आलं. धाकलूची नाव भरली, पाणी त्या चढवलेल्या रेघेलाही टेकलं, तरी पाच माणसं काठावर उरली.

"आम्ही एकाच घरचे," वऱ्हाडातला शेठ म्हणाला. "निम्म्यांना काय इथे उन्हात वाळत घालू? सरका रे, सरका!"

सरकले. बसले. त्यांत एक म्हातारे आजोबा होते, नातवाला कडेवर घेतलेले, आणि शेजारी त्यांची सून, म्हणजे त्या मुलाची आई.

बांबूवर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला असे. नाव जवळ येताच तो ओरडला, "धाकलू, परत फीर! आज वारा कड्याकडे वाहतोय."

कोणीतरी त्याला फुटाणा फेकून मारला. सगळे हसले.

धाकलूने वल्हं थांबवलं. "मालक, इथून परत जायचं असतं."

"इथून?" नवरदेव म्हणाला. "अहो मामा, इथून तो धबधबा न्हाणीत तांब्या उपडा केल्यासारखा दिसतोय!"

"पहिल्या पायरीवाला म्हणे पार तुषारांत भिजवून आणतो," एक पंतोजी म्हणाले. "भित्र्या माणसाने वल्हं धरू नये, सूत धरावं."

शेवटी शेठ बोलला. "हे बघ बाबा, अख्ख्या वऱ्हाडाची फुलं माझ्या शब्दावर पडतील. परडीत टाकायची की पाण्यात, ते तू ठरव."

धाकलूने बांबूकडे पाहिलं. मग दुसरी पायरी आठवली, पहिली आठवली, सातवी आठवली. "फक्त चार वल्ही हं," तो म्हणाला.

चौथ्या वल्ह्याला इंद्रधनुष्य दिसलं. ते पाहायला सगळी नाव एका बाजूला झुकली. उरलीसुरली कोरडी फळी पाण्याखाली जायला किती वेळ लागतो? "अहाहा" म्हणायला लागतो तेवढा.

पाठीमागून येणाऱ्या दोन नावा धावल्या. दोर फेकले, बांबू पुढे केले, एकेकाला ओढून घेतलं. म्हाताऱ्या आजोबांनी नातवाला दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरून ठेवलं होतं. वरचं मूल हाती आलं. धरणारे हात परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा घाटावर बसला. धाकलूला समोर उभं केलं होतं.

"याने आम्हाला मरणाच्या दारात नेलं," शेठ म्हणाला. "असल्या माणसाच्या हाती नाव दिलीच कशी?"

"तुम्ही याला काही बोलला होता?" राजाने विचारलं.

"आम्ही काय बोलणार, महाराज? आम्ही पाहुणे. आम्हाला पाण्यातलं काय कळतं?"

तेवढ्यात पाणकावळा येऊन पहिल्या पायरीवर बसला. "मला कळतं," तो म्हणाला. आणि त्याने एकेकाचा आवाज जसाच्या तसा काढला. तांब्या काढला, तुषार काढले, सूत काढलं, फुलांची गोष्ट शेठच्याच घोगऱ्या आवाजात काढली. फुटाणा मारल्यावरचं हसूसुद्धा काढलं. घाटावर कोणी कोणाकडे पाहीना.

"आणि नावेत एक बाई होती," पाणकावळा म्हणाला. "तिने काठाला लागलेलं पाणी पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं. तिचा आवाज मला काढता येत नाही, कारण तो आलाच नाही."

आजोबांची सून उठून उभी राहिली. मूल तिला घट्ट बिलगलं होतं. "मला वाटलं, सगळे मजेत आहेत, मी एकटीनं कशाला विरस करू," ती म्हणाली. "विरस होईल म्हणून मी गप्प बसले, महाराज. आता माझ्या घरात सासऱ्यांचा पाट रिकामा आहे."

धाकलू मान खाली घालून म्हणाला, "वल्हं माझ्या हातात होतं. दोष माझा."

"दोष तुमचा आहेच," गर्दीतून राही पुढे आली. "रेघ मी आखली होती, माझी पोर नावेत बसवून. ती तुम्ही पुसलीत आणि मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. बेडकांचा टोमणाही मीच मारला होता. माझं मी कबूल करते. पण महाराज, ह्यांच्या हातात वल्हं होतं आणि ह्यांचं पोट तुमच्या पाहुण्यांच्या हातात होतं. पाहुण्यांच्या हातात ते कोणी दिलं?"

राजाने घाटावरच्या त्या सात परड्यांकडे पाहिलं. त्यांतला झेंडू अजून ताजा होता. जिच्यात सगळ्यांत जास्त फुलं होती, ती परडी रोज बांबूला वळसा घालणाऱ्याची होती. उद्या परवा हेच त्याच्या नावेतही घडलं असतं, आणि तोपर्यंत तोच राज्यातला सर्वांत चांगला नावाडी म्हणवला गेला असता.

"परड्या मी दिल्या," राजा म्हणाला.

त्याने सातही परड्या जाळायला लावल्या. नावांच्या पायऱ्या पाळीपाळीने ठरवल्या. बांबूवरून परत फिरलेल्या नावाड्याला, आणि वारा पाहून नाव बाहेरच न काढलेल्या नावाड्यालाही, त्या दिवसाचं धान्य राजाच्या कोठारातून मिळू लागलं. रेघ पुन्हा लेकुरवाळीच्या हाती गेली, आणि ती पुसणाऱ्याचं वल्हं कायमचं काढून घ्यायचं ठरलं. धाकलूने तर आपलं वल्हं राजासमोर स्वतःच खाली ठेवलं. पुढे तो रोज घाटावर बसे, निघणाऱ्या प्रत्येक नावेची कोरडी फळी आपल्या वितीने मोजून पाही, आणि कमी भरली तर नावेसमोर पाण्यात उभा राही. लोक त्याला शिव्या देत. तो हलत नसे.

आणि वऱ्हाडाचं काय झालं? शेठ, पंतोजी, नवरदेव, यांना शिक्षा काय झाली? काही नाही. बोलण्याला शिक्षा नव्हती. ते कोरडे कपडे घालून आपापल्या गावी गेले आणि जन्मभर सांगत राहिले की त्या राज्यातले नावाडी फार बेफिकीर आहेत. गोष्ट मीच रचत होते, त्यामुळे त्यांना मगरीच्या तोंडी देणं मला काही अवघड नव्हतं. पण मुलीला खोटं कशाला सांगा? अशी माणसं सुखरूप घरी पोचतात. माझा राग तिथेच आहे, आणि तो गोष्ट संपली तरी गेलेला नाही.

तात्पर्य: जो आपल्याला खूश करण्यासाठी जिवाची रेघ पुसतो, त्याच्या हातातली चिंधी आपणच ओली करून दिलेली असते.

हे तात्पर्य मला फार छान जमलं असं वाटलं. शेवटचा घास तसाच हातात धरून मी शाल्मलीकडे पाहत राहिले. आता ती म्हणेल, आई, मी नाही हं कधी असं करणार. तिने तोंडातला घास गिळला. मग म्हणाली,

"आई, पण रविवारी उतरताना तू त्या नाववाल्या काकांना म्हणालीस, 'मस्त झालं हं, मजा आली.' मग तू त्यांना फूलच दिलंस ना?"